शेजारच्यांचं काय झालं?

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांनी एक बारीकशी थरथर टिपली. १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गिरक्या घेत एक झाली होती. एक सुमारे ३६ सूर्यांच्या वजनाचं, दुसरं २९. बेरीज ६५ व्हायला हवी, पण जे नवं कृष्णविवर तयार झालं ते ६२ सूर्यांचं. मधले तीन सूर्य सेकंदाच्या एका तुकड्यात गुरुत्वीय लहरी होऊन निघून गेले. त्या क्षणी त्या जोडीतून बाहेर पडणारी शक्ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशापेक्षा जास्त होती.

ही गोष्ट मी एकदा काष्टीला घरी गेलो असताना तात्यांना सांगितली. तात्या म्हणजे माझे चुलते. आमच्याकडे शनिवारी जनावरांचा बाजार भरतो आणि तात्यांचा शनिवार कित्येक वर्षं तिथंच जातो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. तीन सूर्य, सेकंदाचा तुकडा, कशानंही ते फार हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "बरं, ते दोघं झाले एक. पर शेजारच्यांचं काय झालं रं?"

मी म्हणालो, "तात्या, तिथं शेजारी कुणी असेलच असं नाही."

"आसंल की. येवढ्या मोठ्यांच्या शेजारी कुणी ना कुणी आसतंच."

खगोलशास्त्र माझा विषय नाही. मी कोड लिहितो, पुण्यात नोकरी करतो आणि रात्री झोप येत नाही तेव्हा असलं काहीबाही वाचतो. पण हा प्रश्न डोक्यात बसला, कारण बातम्यांमध्ये तो मला कुठं दिसला नव्हता. सगळे त्या दोघांबद्दल आणि त्यांच्या धमाक्याबद्दल बोलत होते.

आधी धमाक्याचंच पाहू. समजा पृथ्वी सूर्यापासून जितकी लांब आहे, तितक्याच अंतरावर ती दोन कृष्णविवरं एक झाली. तुम्ही अंगणात उभे आहात. काय होईल? लायगोने मोजलेला ताण एकावर एकवीस शून्यं दिल्यावर जो आकडा येतो, त्याच्या एका भागाएवढा होता. अंतर कमी झालं की तो त्याच प्रमाणात वाढतो. हिशेब केला तर साडेपाच फुटी माणूस साधारण एका मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा ताणला जातो. केसाच्या जाडीचा पाचशेवा भाग म्हणा. तुम्हाला कळणारही नाही. (दोन कृष्णविवरं इतकी जवळ आल्यावर पृथ्वीची कक्षा वगैरे केव्हाच उधळलेली असेल, ते तूर्तास सोडा.)

आता याच प्रसंगातला दुसरा आकडा. त्याच क्षणी तुमच्या शरीरातून जी ऊर्जा आरपार जाते, ती आजच्या अख्ख्या मानवजातीला हजार वर्षांहून जास्त पुरेल इतकी असते. ती जाते आणि तुम्ही चहाचा पुढचा घोट घेता. गुरुत्वीय लहरी कशाशीच फारशा अडत नाहीत. तारा असो, ग्रह असो, माणूस असो, त्या पार निघून जातात. २०१४ साली काही शास्त्रज्ञांनी असं मांडलं, की लहरीची लय ताऱ्याच्या स्वतःच्या थरथरण्याच्या लयीशी जुळली तर तारा त्यातली थोडी ऊर्जा शोषून घेऊ शकतो. पण लय जुळायला हवी. आपला सूर्य साधारण पाच मिनिटांच्या तालावर थरथरतो आणि २०१५ची ती जोडी शेवटी सेकंदाला शेकडो वेळा थरथरत होती. त्या तालावर सूर्याचा पाय थिरकणार नाही.

नंतरचेही दोन परिणाम आहेत. वस्तुमान पाच टक्क्यांनी घटलं म्हणजे भोवती फिरणाऱ्यांची कक्षा जराशी सैल होते. आणि लहरी सगळ्या दिशांना सारख्या गेल्या नाहीत तर नव्या कृष्णविवराला बंदुकीसारखा मागे धक्का बसतो. हा धक्का काही गणितांमध्ये सेकंदाला हजारो किलोमीटरपर्यंत जातो. अशा वेळी अगदी जवळचे तारे कृष्णविवरासोबत ओढले जातात, बाकीचे मागे राहतात.

तरी एकूण पाहता, इतिहासात नोंदलेल्या इतक्या प्रचंड स्फोटाने शेजाऱ्यांचं फारसं काही केलं नाही, असंच उत्तर निघत होतं. मी समाधानी होतो. मग मला मोठ्या कृष्णविवरांचं प्रकरण वाचायला मिळालं.

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एकेक महाकाय कृष्णविवर असतं, लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वजनाचं. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की ही दोन कृष्णविवरंही मध्याकडे सरकू लागतात. इथं शेजारी नक्कीच आहेत आणि भरपूर आहेत. सरकता सरकता दोघं एकमेकांच्या पकडीत येतात, जोडी बनते. पण जोडी बनणं म्हणजे एक होणं नव्हे. ग्रह सूर्याभोवती अब्जावधी वर्षं फिरतो, पडत नाही, तसंच इथंही. आणखी जवळ यायचं तर फिरण्यातली ऊर्जा कुणाला तरी देऊन टाकावी लागते. ती गुरुत्वीय लहरींमधून जाऊ शकते, पण दोघं खूप जवळ असतील तरच. दूर असताना लहरी इतक्या क्षीण असतात, की विश्वाचं वय संपलं तरी काम होणार नाही.

मग ऊर्जा कुणाला द्यायची? शेजाऱ्यांना. एखादा तारा भटकत या जोडीच्या जवळ येतो. तिघांची क्षणभर ओढाताण होते आणि तारा गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला जातो. काहींचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या वर. जोडी तेवढ्याने थोडी जवळ येते. मग पुढचा तारा. मग त्याच्या पुढचा. असं कोट्यवधी वेळा. काही तारे दीर्घिकेच्या बाहेर कायमचे जातात, बरेचसे केंद्रापासून लांब कडेला जाऊन पडतात.

याच्या खुणा दिसतात. २० कोटी प्रकाशवर्षांवर एनजीसी १६०० नावाची एक दीर्घिका आहे. २०१६ साली तिच्या केंद्रात १७ अब्ज सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर असल्याचं जाहीर झालं. एरवी अशा दीर्घिकेचा मध्य सगळ्यात जास्त तेजस्वी असायला हवा. हिचा मध्य विचित्र फिका आहे, जणू कुणी तिथले तारे उपसून नेलेत. शास्त्रज्ञांचा कयास असा, की तिथं पूर्वी दोन कृष्णविवरं होती आणि त्यांनी एक होताना अंदाजे ४० अब्ज सूर्यांएवढे तारे बाहेर फेकले. आणखी एक गोष्ट वाचली आणि मी फोन बाजूला ठेवला. त्या फिक्या गाभ्यात जे तारे अजून आहेत, त्यांच्या कक्षा बहुतेक गोलगोल फिरणाऱ्या आहेत. सरळ मध्याकडे झेपावणाऱ्या कक्षांचे तारे तिथं फारसे उरलेले नाहीत.

नुकतंच आमच्या ऑफिसात मर्जर झालं होतं, म्हणून फोन बाजूला ठेवला.

कंपनीचं नाव सांगत नाही आणि त्याची गरजही नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या कंपनीत हेच झालं असेल. ज्या दिवशी दोन कंपन्या अधिकृतपणे एक झाल्या त्या दिवशी केक आला, नवा लोगो असलेले टी-शर्ट आले, लॉगिनचं पान बदललं. कुणालाही काही झालं नाही. धमाका आरपार निघून गेला. जे व्हायचं ते आधीच्या वर्षभरात झालं होतं. दोन्हीकडे टेस्टिंगच्या टीम होत्या, एक उरली. दोन्हीकडे सपोर्ट होता, एक गेला. केक कापला तेव्हा आमच्या मजल्यावर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या आणि सगळ्यांना त्याची सवय झालेली होती.

माझ्या टीममध्ये बार्शीची एक मुलगी होती, माझ्यापेक्षा चांगला कोड लिहायची. मीटिंगमध्ये सरळ वरच्यांना प्रश्न विचारायची, नव्या कामात स्वतःहून उडी घ्यायची. तिला मेल आला. मेलमध्ये "बाजाराची बदलती परिस्थिती" असे शब्द होते आणि खाली कुणा माणसाचं नाव नव्हतं, "पीपल टीम" एवढंच. ती गेली त्याच्या चार महिने आधी तिने आईला बार्शीहून पुण्यात आणलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं.

तत्त्वज्ञानात एक जुना भेद सांगितला जातो. एखादं चांगलं काम करताना ओघाने कुणाचं नुकसान होणं वेगळं, आणि ते नुकसानच कामाचं साधन असणं वेगळं. शेतीत हे समजायला सोपं आहे. आपल्या वावरात ट्रॅक्टर वळवताना शेजाऱ्याचा बांध जरा तुटला, तर आपण जाऊन माफी मागतो, माती लोटून देतो. पण शेजाऱ्याचा बांध दरवर्षी वीतभर कोरून आपलं वावर मोठं करणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथं बांध 'मध्ये आला' असं म्हणता येत नाही. बांधच हवा होता. आमच्या तालुक्यात या एका वीतभर मातीपायी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात गेल्या आहेत.

कृष्णविवरांच्या शेजारचे तारे या दुसऱ्या प्रकारात बसतात, हे मला उशिरा उमगलं. ते धमाक्याच्या आड आले म्हणून उडाले असं नाही. त्यांना उडवल्याशिवाय ती दोघं जवळच येऊ शकत नव्हती. ते तारे म्हणजे इंधन. आणि हे इंधन संपलं तर काय होतं, याचाही शास्त्रज्ञांनी विचार केला आहे. १९८० साली बेगेलमन, ब्लँडफर्ड आणि रीस यांनी दाखवलं, की जोडी साधारण एक पार्सेक अंतरावर, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आसपास, येऊन अडकू शकते. जवळपासचे फेकण्याजोगे तारे संपलेले असतात आणि लहरी अजून जोर धरत नाहीत. याला 'शेवटच्या पार्सेकचा प्रश्न' म्हणतात. दीर्घिकेचा आकार वेडावाकडा असेल तर दुरून नवे तारे येत राहतात आणि गाडी पुढे सरकते. भरपूर वायू असेल तर तोही ऊर्जा ओढून घेतो, मग ताऱ्यांवर तेवढा भार पडत नाही.

जोड्या खरंच पुढे सरकत असाव्यात, याचा पुरावा आपल्या शेजारीच गोळा झाला. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. २९ जून २०२३ रोजी जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की स्पंदक ताऱ्यांच्या घड्याळासारख्या नियमित ठोक्यांमध्ये एक अतिमंद गुणगुण सापडते आहे. एकेका लाटेला वर्षानुवर्षं लागतात, इतकी मंद. त्यात युरोपच्या गटाबरोबर भारतीय गटाने खोडदच्या नोंदी वापरल्या होत्या. विश्वभरातल्या महाकाय जोड्या एकमेकांभोवती फिरताहेत, त्यांचा हा एकत्रित आवाज असावा असा सगळ्यात सरळ अर्थ लावला जातो. पूर्ण शिक्कामोर्तब अजून नाही.

जाता जाता: या दुर्बिणीलाही शेजारी आहेत. तिला शांतता लागते, म्हणून आसपासच्या पट्ट्यात उद्योगांवर बंधनं आहेत, आणि पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा मार्गही तिच्यामुळे अडला. तिथल्या लोकांचा राग मला समजतो. मी स्वतः दुर्बिणीच्या बाजूने आहे, पण आमच्या काष्टीला दौंड-मनमाड मार्गावरचं स्टेशन आहे, त्यामुळे माझं हे मत मला स्वस्तात पडतं. निदान तिथं कोण काय मागतंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. निवेदनं देता येतात, मंत्र्यांना गाठता येतं, पेपरात भांडता येतं.

आपल्याकडे म्हण आहे: दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. दोघं एक झाले तर तिसऱ्याचं काय, यावर मला तरी म्हण आठवत नाही. तात्यांनाही विचारलं. ते म्हणाले, म्हण नाही, पण बाजारात बघितलंय. दोन मोठे व्यापारी भागीदारीत आले की पहिल्यांदा छोटे हेडे दिसेनासे होतात. कुणी कुणाला हाकलत नाही. त्यांना माल मिळणं बंद होतं, एवढंच.

"कुणी कुणाला हाकलत नाही" हे वाक्य मला टोचलं, कारण आमच्या कंपनीतही सगळे हेच म्हणत होते. माझा मॅनेजर भला माणूस आहे. तो म्हणाला, "अरे, यात कुणाचा दोष नाही, मार्केट फोर्सेस आहेत." फोर्सेस. जणू न्यूटनने सांगितलेत. आणि इथं मला ताऱ्यांची उपमा एकदम धोकादायक वाटायला लागली. कृष्णविवरांना दुसरा मार्ग निवडता येत नाही. वायू असला तर असला, नसला तर तारे. तिथं दोष कुणाला देणार? पण आमच्याकडे एक एक्सेल शीट होती. तिच्यात नावं होती, पुढे पगार होते, आणि खाली बेरीज होती. ती बेरीज मर्जरच्या आधीच्या सादरीकरणात 'सिनर्जी' या नावाने आलेली होती आणि तिच्या जोरावर सौद्याची किंमत ठरली होती. म्हणजे टेस्टिंगची टीम सौद्याच्या आड आली नव्हती. ती सौद्यात धरलेली होती. त्या शीटचा कुणीतरी मालक होता. तो माणूस त्या बेरजेत वरच्या पाच जणांचे बोनस धरू शकला असता. वायूचा मार्ग त्याच्याकडे होता.

ज्या निर्णयाला सही असते त्याला गुरुत्वाकर्षण म्हणणं ही मला लबाडी वाटते. बोलणारा माणूस लबाड नसला तरी.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त छळते. शेवटच्या टप्प्यात, जेव्हा दोघं अगदी जवळ येतात आणि लहरी सुरू होतात, तेव्हा ती कृष्णविवरं स्वतःच्या खिशातून देतात. ते तीन सूर्य त्यांचे स्वतःचे होते. आपल्याला ऐकू येतो तो हाच टप्पा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभं राहतंय, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी मंजूर केले. तेही यंत्र असे शेवटचे क्षणच ऐकेल, आणि तेही ताऱ्यांएवढ्या छोट्या जोड्यांचे. पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधरांनी असा सिग्नल गोंगाटातून वेगळा कसा काढायचा याच्या गणितावर उभी कारकीर्द घातली, आणि ते काम थोर आहे. पण दुसऱ्यांच्या खिशातून भरलेला जो लांबलचक टप्पा, त्याला असा चटकन ऐकू येणारा आवाज नसतो. त्यासाठी फिक्या गाभ्याचे फोटो काढून किती तारे कमी आहेत ते मोजत बसावं लागतं.

आता उलट बाजू. कारण ती आहे, आणि ती सोडून दिली तर मीही मॅनेजरइतकाच सोयीचं बोलतोय असं होईल. भौतिकशास्त्राच्या हिशेबात फेकलेला तारा काही गमावत नाही. तो कमावतो. जोडीची ऊर्जा त्याला मिळते. तो फुटत नाही, विझत नाही, होता तसाच तळपत राहतो, फक्त खूप वेगाने दुसरीकडे जातो. बार्शीच्या त्या मुलीला चार महिन्यांचा पगार मिळाला आणि सहा आठवड्यांत हैदराबादला जास्त पैशांची नोकरी लागली. माझा मित्र म्हणतो, मग तुझी तक्रार काय आहे? ती तुझ्यापेक्षा पुढे गेली, आणि तू इथंच गोलगोल फिरतोयस.

त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. नुकसान म्हणजे ऊर्जा कमी होणं असेल, तर इथं नुकसान नाही. पण तारा दीर्घिकेला बांधलेला होता, तो आता बांधलेला नाही, हेही त्याच समीकरणात येतं. किती मिळालं आणि काय सुटलं हे दोन वेगळे रकाने आहेत. एकात जमा झाली म्हणून दुसऱ्यातली वजाबाकी मिटत नाही. आणि माणसाच्या बाबतीत तिसरा रकाना असतो: विचारलं होतं का? चांगल्या पगारावर हैदराबादला जायचंय का असं तिला कुणी विचारलं असतं, तर कदाचित ती हो म्हणाली असती. मग ती गेली असती. आता तिला पाठवलं गेलं. पगाराची स्लिप दोन्हीकडे सारखीच दिसते.

हा लेख टाकायच्या आधी मी तिला पाठवला. छापायला तिची हरकत नव्हती. तिला एकच शंका होती: त्या फेकलेल्या ताऱ्याला ग्रह असतील, तर ते त्याच्यासोबत जातात का?

मी वाचून तिला कळवलं, की अशा सुसाट ताऱ्यांवर सिम्युलेशन्स झाली आहेत. अगदी जवळून फिरणारे ग्रह टिकू शकतात. जरा लांबच्या कक्षेतले असतील ते सुटतात.

तिने अंगठा पाठवला. थोड्या वेळाने लिहिलं, आई आता परत बार्शीलाच आहे, ऑपरेशन दिवाळीनंतर बघू.